पायांकडे पाहायला शिकवणारा डॉक्टर

७ ऑगस्ट १९२२ रोजी बोस्टनमध्ये एलिझाबेथ मज नावाच्या एका नर्सला इन्सुलिनचे इंजेक्शन देण्यात आले. अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड भागात हे नवे औषध मिळालेली ती पहिली रुग्ण. पाच वर्षांचा मधुमेह आणि त्यावर त्या काळचा एकमेव उपाय म्हणून दिला जाणारा अर्धपोटी आहार, यांनी तिचा निव्वळ सापळा केला होता. कित्येक महिने तिला घराचा उंबरठा ओलांडणे जमले नव्हते. इन्सुलिन सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच ती मैलोन्‌मैल चालू लागली. इंजेक्शन दिले डॉ. हॉवर्ड रूट यांनी, पण ती रुग्ण होती त्यांचे वरिष्ठ डॉ. एलियट प्रॉक्टर जोस्लिन यांची.

इन्सुलिनची गोष्ट बहुतेक ठिकाणी अशा एखाद्या प्रसंगावर संपवली जाते. मरणाच्या दारातला माणूस उठून चालू लागला, यापुढे सांगायचे ते काय? जोस्लिन यांना मात्र पुढच्या दहा-बारा वर्षांत एक वेगळेच चित्र दिसत गेले. इन्सुलिनने जगवलेली माणसे चालत होती खरी, पण ज्या पायांनी ती चालत होती तेच पाय एकामागून एक काळे पडत होते.

जोस्लिन यांचा जन्म ६ जून १८६९ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ऑक्सफर्ड या छोट्या गावात झाला. वडिलांचा बुटांचा कारखाना होता. ज्या मुलाने पुढे आयुष्यभर चुकीच्या मापाच्या बुटांनी केलेल्या जखमा पाहिल्या, तो बूट विकून श्रीमंत झालेल्या घरातला होता, हा योगायोग गमतीचा म्हणायला हवा. येल विद्यापीठातून १८९० मध्ये पदवी घेऊन ते हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेले आणि १८९५ मध्ये डॉक्टर झाले. विद्यार्थी असतानाच, १८९३ मध्ये, मेरी हिगिन्स नावाची एक हडकुळी तरुण मुलगी त्यांच्या पाहण्यात आली. तिला मधुमेह होता. तिची हकीकत त्यांनी लिहून ठेवली, आणि तिथून सुरू झाली त्यांची प्रसिद्ध नोंदवही. प्रत्येक मधुमेही रुग्णाचे नाव, वय, वजन, लघवीतील साखर, काय खाल्ले, पुढे काय झाले आणि शेवटी कशाने गेला, हे सगळे त्यात उतरत गेले. पुढच्या काही वर्षांत त्या वहीत त्यांच्या स्वतःच्या आईचीही नोंद झाली. काटेकोर आहारावर ती माउली त्या काळाच्या मानाने बरीच वर्षे जगली. मुलाच्या मनावर त्याचा ठसा कायमचा राहिला. शिस्तीने राहिले तर या आजाराला मागे रेटता येते, ही त्यांची श्रद्धा घरात तयार झाली होती.

१८९८ मध्ये त्यांनी बोस्टनमध्ये स्वतःचा दवाखाना सुरू केला. एकाच आजाराला वाहून घेणारा डॉक्टर ही गोष्ट त्या काळी नवलाचीच होती. इन्सुलिनपूर्वीच्या वर्षांत उपचार म्हणजे भूक. फ्रेडरिक ॲलन या संशोधकाने रूढ केलेल्या उपासाच्या आहाराचा जोस्लिन यांनी पुरस्कार केला. त्याने आयुष्य काही महिन्यांनी, क्वचित काही वर्षांनी वाढे. लहान मुले मात्र डोळ्यांदेखत वाळत जात. हा आहार नुसता कागदावर लिहून भागत नसे. कोबी किती, अंडे किती, साय किती, हे तराजूवर तोलावे लागे. लघवी तपासावी लागे. रडणाऱ्या मुलाला आणि त्याहून जास्त रडणाऱ्या आईला समजवावे लागे. डॉक्टर दिवसातून एकदा दहा मिनिटे येऊन जाणार. ही सगळी कामे कोण करणार? नर्स.

हे जोस्लिन यांच्या फार लवकर लक्षात आले. त्यांचे बहुतेक रुग्ण बोस्टनच्या न्यू इंग्लंड डीकनेस हॉस्पिटलमध्ये राहत. मेथडिस्ट पंथाच्या सेविकांनी १८९६ मध्ये सुरू केलेल्या या रुग्णालयात शुश्रूषेला मान होता. इथल्या निवडक नर्सना जोस्लिन यांनी मधुमेहाचे खास शिक्षण दिले आणि त्यांना रुग्णांच्या शिक्षिका बनवले. १९१८ मध्ये त्यांनी डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही वाचता येईल असे मधुमेहाचे मार्गदर्शक पुस्तकही काढले. आपला आजार रुग्णाला डॉक्टरइतकाच कळला पाहिजे, हा विचार त्या काळच्या अनेक डॉक्टरांना चमत्कारिक वाटला असेल.

१९२१ मध्ये त्यांनी एक लेख लिहिला. एका शांत खेड्यातल्या रुंद रस्त्यावर शेजारी शेजारी तीन घरे होती. त्या घरांत वेळोवेळी राहायला आलेल्या सात कुटुंबप्रमुखांपैकी, म्हणजे चार स्त्रिया आणि तीन पुरुषांपैकी, एक सोडून सगळे मधुमेहाने गेले. हीच माणसे विषमज्वराने गेली असती तर आरोग्य खाते धावत आले असते, विहिरी तपासल्या असत्या, घरे धुऊन काढली असती. मधुमेहाने गेली म्हणून कुणी ढुंकून पाहिले नाही, असा त्यांचा मुद्दा होता. मधुमेह हा एकेकट्याचा आजार नसून सगळ्या समाजाच्या आरोग्याचा प्रश्न आहे, असे इतक्या स्पष्टपणे मांडणारे ते पहिल्या काही लोकांपैकी एक.

मग इन्सुलिन आले. त्याआधी मधुमेहींच्या मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण होते कोमा. तरुण माणसाची शुद्ध हरपे आणि दोन-तीन दिवसांत सगळे संपे. इन्सुलिनने हे चित्र पालटले. रुग्ण आता कोमात जाऊन मरत नव्हते. ते पन्नाशी, साठी गाठत होते. आणि जोस्लिन यांच्या नोंदवहीत मृत्यूच्या कारणासमोर दुसराच शब्द वारंवार येऊ लागला, तो म्हणजे गँग्रीन.

सुरुवात दर वेळी क्षुल्लक असे. कुणी पायाचे कुरूप दाढीच्या पात्याने कापले. कुणी नख काढताना कोपऱ्यात खोलवर कातरी घातली. कुणाचे नवे बूट करंगळीला लागत होते, पण दुखत नसल्यामुळे तो दिवसभर तसाच हिंडला. थंडीत पाय गार पडतात म्हणून कुणी रात्री गरम पाण्याची रबरी पिशवी पायाशी घेऊन झोपला आणि सकाळी तळव्यावर फोड दिसला. कुणी साध्या खरचटण्यावर आयोडीनसारखे जहाल औषध ओतून कातडी भाजून घेतली. या गोष्टी निरोगी माणसाच्या पायाला झाल्या असत्या तर आठवड्यात विसरल्या गेल्या असत्या.

मधुमेहात तसे होत नाही, त्याची कारणे तीन. पायाच्या रक्तवाहिन्या आतून जाड आणि अरुंद होतात, त्यामुळे जखम भरायला लागणारे रक्त पोहोचत नाही. चेतातंतू मंदावतात, त्यामुळे टोचले, भाजले, घासले तरी मेंदूला वर्दी जात नाही. आणि रक्तात साखर जास्त असली की जंतूंशी लढणाऱ्या पेशींचे बळ कमी पडते. जोस्लिन यांच्या पिढीतल्या डॉक्टरांचा भर मुख्यतः पहिल्या कारणावर होता. बधिरपणाचे महत्त्व हळूहळू कळत गेले. जोस्लिन यांच्याकडे काम केलेल्या डब्ल्यू. आर. जॉर्डन यांनी १९३६ मध्ये मधुमेहातील चेतातंतूंच्या विकारांवर सविस्तर लिहिले, ते या दिशेने एक पाऊल होते. कारण कोणतेही असो, त्या काळी प्रतिजैविके नव्हती. बोटात शिरलेला पू तळव्यात, तळव्यातून घोट्यात चढे आणि सर्जनच्या हाती मांडीपासून पाय कापण्यावाचून काही उरत नसे. त्यातूनही अनेक जण वाचत नसत.

जोस्लिन यांनी यावर औषध शोधले नाही. त्यांनी डीकनेस हॉस्पिटलात पायांसाठी वेगळी व्यवस्था उभी केली. विसाच्या दशकाच्या अखेरीस तिथे पायांच्या देखभालीची खोली चालू झाली होती. नखे, कुरूप, घट्टे यांवर काम करणारे पायाचे तंत्रज्ञ, ज्यांना तेव्हा कायरॉपॉडिस्ट म्हणत आणि आज पोडियाट्रिस्ट म्हणतात, ते या रुग्णालयात मधुमेहाच्या डॉक्टरांच्या शेजारी बसून काम करू लागले. या मंडळींना वैद्यकीय वर्तुळात फारसे कुणी विचारत नसे. नखे कापणाऱ्याला रुग्णालयात बोलवायचे, ही कल्पनाच काहींना हलकी वाटे. जोस्लिन यांना तसे वाटले नाही, कारण पाय नेमके नखापासून जातात हे त्यांची वही सांगत होती.

रोजचे काम मात्र नर्सचे. ते काम ऐकायला इतके साधे वाटते की त्याची किंमत कळू नये. कोमट पाणी आणि साबणाने पाय धुवायचे. पाण्याची ऊब आधी हाताने तपासायची, कारण रुग्णाच्या पायाला ती कळत नाही. मऊ कापडाने टिपून कोरडे करायचे, बोटांच्या बेचक्यांत ओल राहू द्यायची नाही. कोरड्या, भेगाळलेल्या टाचेला लॅनोलिन चोळायचे, पण बेचक्यांत नाही. एकमेकांवर चढलेल्या बोटांमध्ये मऊ लोकर ठेवायची. नख सरळ कापायचे. आणि हे सगळे करता करता पाहायचे: कालचा लालसर डाग आज निळसर झाला आहे का, एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागतो का, मोज्यावर डाग आहे का, वास येतो का. जखम असेल तर ती रोज स्वच्छ करायची, मेलेली कातडी साचू द्यायची नाही, पट्टी अशी बांधायची की आधीच कमी असलेले रक्त आणखी अडू नये. आणि पायावर भार पडू द्यायचा नाही. हा शेवटचा नियम सांगायला सोपा आणि पाळून घ्यायला सर्वांत अवघड, कारण ज्याला दुखत नाही तो माणूस उठून चालणारच. दुखणे हा चालणाऱ्याला बसवणारा पहारेकरी असतो. तो नसला की त्याचे काम नर्सलाच करावे लागते.

रुग्णालयातून घरी गेल्यावर काय? डॉक्टरांसमोर मान डोलावणारा रुग्ण घरी गेल्यावर जुन्याच बुटात पाय घालतो, हे जोस्लिन जाणून होते. त्यासाठी त्यांनी फिरत्या नर्सची प्रथा सुरू केली. मधुमेहाचे शिक्षण घेतलेल्या या नर्स रुग्णांच्या घरी जात. स्वयंपाकघरात डोकावत, इन्सुलिनची सुई कशी उकळली जाते ते बघत, आहार तोलायला शिकवत. लहान मुलांच्या घरी या भेटींचा विशेष उपयोग होई. आज मधुमेहाचे शिक्षण देणाऱ्या प्रशिक्षित नर्सचा वेगळा पेशा जगभर आहे. त्याचे मूळ या फिरस्तीत सापडते. जोस्लिन यांचे जन्मगाव ऑक्सफर्ड हेच अमेरिकन यादवी युद्धात जखमींची शुश्रूषा करणाऱ्या क्लारा बार्टनचेही गाव. तिच्या जन्मघराच्या आवारात १९३२ पासून मधुमेही मुलींसाठी उन्हाळी शिबिर भरू लागले. त्यामागेही जोस्लिन होते.

१९३४ मध्ये डीकनेस हॉस्पिटलच्या आवारात मधुमेही रुग्णांना शिकवण्यासाठी जॉर्ज बेकर यांच्या नावाचे खास क्लिनिक उभे राहिले. त्याच वर्षी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकात जोस्लिन यांनी गँग्रीनच्या धोक्यावर लेख लिहिला. कोमाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण इन्सुलिनमुळे ६० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले, पण गँग्रीनचे मृत्यू वाढत आहेत, हे त्यांनी आकड्यांनी दाखवले. त्यांचे म्हणणे असे की गँग्रीन हा काही दैवाचा कोप नाही. ते बहुतेक वेळा टाळता येते. त्यासाठी आहार, व्यायाम, पायांची निगा, जंतुसंसर्ग दिसताच तातडीने उपचार आणि पायाची शस्त्रक्रिया जाणणारा सर्जन, हे सगळे एका छताखाली हवे. आज मधुमेही पायासाठी अनेक शाखांच्या तज्ज्ञांचे पथक हवे असे जे सांगितले जाते, त्याचा हा पहिला ठळक आराखडा.

लेखात एक बोचरी बाजूही होती आणि ती झाकून चालणार नाही. जोस्लिन कडक शिस्तीच्या, काटकसरी, धार्मिक वळणाचे होते. पहाटे उठत, मोजके खात, सुटी फारशी घेत नसत. साखर ताब्यात नसणे त्यांना जवळजवळ चारित्र्यातली उणीव वाटे. पाय गमावलेल्या माणसाला, ही तुझ्या किंवा तुझ्या डॉक्टरच्या हलगर्जीपणाची फळे आहेत, असे ऐकवणे म्हणजे दुखण्यावर डागणी. काटेकोर राहूनही पाय गमावणारे रुग्ण होतेच, आणि दहा तास उभे राहून राबणाऱ्या कामगाराला पायावर भार टाकू नको हा सल्ला किती परवडणार, हाही प्रश्न होता. मात्र त्यांच्या कडकपणाचा एक हिस्सा डॉक्टरांच्या वाट्यालाही येई. रुग्णाचे पाय उघडे करून न पाहता त्याला घरी पाठवणे हा त्यांच्या लेखी गुन्हा होता. तपासणीच्या टेबलावर बूट-मोजे काढायला लावण्याची सवय आजही अनेक दवाखान्यांत नाही, हे लक्षात घेतले तर त्यांचा हट्ट किती पुढचा होता ते कळते.

त्यांच्या पथकातले सर्जन लेलँड मॅकिट्रिक यांनी या कामाला दुसरी बाजू दिली. १९२८ मध्ये त्यांनी हॉवर्ड रूट यांच्यासह मधुमेहातील शस्त्रक्रियांवर पुस्तक लिहिले होते. चाळीसच्या दशकात पेनिसिलिन आल्यावर जंतुसंसर्गाला आवर घालता येऊ लागला, आणि मॅकिट्रिक यांनी मांडीऐवजी फक्त पावलाचा पुढचा भाग काढण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. १९४९ मध्ये तिचा अनुभव प्रसिद्ध झाला. टाच वाचली की माणूस स्वतःच्या पायावर उभा राहतो, कुबड्यांशिवाय शौचाला जातो, कामावर परततो. अशा पावलाची जखम भरायला मात्र आठवडेच्या आठवडे लागतात. सर्जनने तासाभरात वाचवलेला पाय पुढचे दोन महिने ड्रेसिंग करणारी नर्स वाचवत असते.

जोस्लिन यांच्या गावाने त्यांना आणखी एक पुरावा दिला. १९४६-४७ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने ऑक्सफर्डच्या रहिवाशांची मधुमेहासाठी तपासणी केली. ३,५१६ जण तपासले गेले. त्यांत ७० जणांना मधुमेह निघाला आणि त्यांपैकी ३० जणांना आपल्याला हा आजार आहे याचा पत्ताच नव्हता. म्हणजे दर चार ज्ञात रुग्णांमागे तीन अज्ञात. ज्याला आजारच माहीत नाही, तो पायांकडे कशाला पाहील?

उतारवयात जोस्लिन यांची एका बाबतीत बरीच टीका झाली. साखर शक्य तितकी सामान्य पातळीजवळ ठेवली तर डोळे, मूत्रपिंडे आणि चेतातंतू वाचतात, असे ते ठामपणे सांगत. रुग्णाला हवे ते खाऊ द्यावे, इन्सुलिन पुरेसे द्यावे, साखरेच्या मागे इतके लागू नये, असे म्हणणारा डॉक्टरांचा मोठा गट होता. जोस्लिन यांच्या हाती निर्णायक प्रयोग नव्हता. होती ती फक्त हजारो रुग्णांची नोंदवही. २८ जानेवारी १९६२ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी, ते झोपेतच गेले. शेवटपर्यंत त्यांचे रुग्ण पाहणे चालू होते. त्यांच्या मृत्यूनंतर ३१ वर्षांनी, १९९३ मध्ये, अमेरिका आणि कॅनडातील एका मोठ्या चाचणीने त्यांचे म्हणणे सिद्ध केले.

बधिर पायाला जखम नेमकी कशी होते, हे कोडे मात्र दूर भारतात उलगडले. १९४६ पासून तमिळनाडूतील वेल्लोर इथे कुष्ठरुग्णांवर उपचार करणारे सर्जन पॉल ब्रँड यांनी दाखवले की कुष्ठरुग्णांची बोटे आजाराने आपोआप झडत नाहीत. संवेदना गेलेल्या पायाच्या एकाच जागेवर चालताना पुन्हा पुन्हा दाब पडतो आणि तिथली कातडी आतून फाटते. दाब वाटून दिला, पायाला नीट बसणारे प्लास्टर घातले, की तीच जखम भरते. साठच्या दशकात ब्रँड अमेरिकेत गेले आणि हा धडा मधुमेही पायांना लागू झाला. जोस्लिन यांच्या नर्स रुग्णाला पायावर भार टाकू देत नसत, त्यामागचे शास्त्र असे पूर्ण झाले.

१९८१ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये डॉ. मायकेल एडमंड्स यांनी मधुमेही पायांचे क्लिनिक सुरू केले. त्यात कायरॉपॉडिस्ट, नर्स, फिजिशियन, सर्जन आणि मापाचे बूट बसवणारा कारागीर एकत्र काम करत. काही वर्षांतच तिथे मोठ्या प्रमाणात पाय कापण्याच्या शस्त्रक्रिया निम्म्यावर आल्या. ब्रिटनमध्ये आता अशी सेवा मोठ्या रुग्णालयांबाहेर, वस्तीतल्या दवाखान्यांपर्यंत गेली आहे. पोडियाट्रिस्ट घट्टा तासतो, मेलेली कातडी काढतो, बुटाचा दाब तपासतो. मधल्या दिवसांतली ड्रेसिंग नर्स करते, कधी दवाखान्यात, कधी रुग्णाच्या घरी जाऊन. जखमेची लांबी-रुंदी मोजून ती प्रत्येक भेटीला लिहून ठेवते.